पंचकमिटीचा कंडेन्सर

गिटारच्या टोनला कुठला कंडेन्सर लावायचा हे ठरवायला माणसाला किती वेळ लागावा? चहा कपातून बशीत ओतून फुंकर मारेपर्यंतचा! त्याहून जास्त वेळ ज्याला लागतो, त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून भजी तळावीत. मी, यशया अमोलिक, बेलापुरात असं दुकान चालवत होतो आणि भजी तळायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. असा माझा धंदा, असा माझा हात! आणि तरीही सत्तर सालच्या नाताळाआधी त्या बोटाच्या पेराएवढ्या वस्तूवरून आमच्या चर्चमध्ये जे रामायण झालं, ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तुम्हीच वाचा आणि तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठं?

माझा धाकटा भाऊ योहान गिटारपायी वेडा. साधी गिटार त्याच्याकडे होती, पण त्याला हवी होती विजेची. विकत घेणं आमच्या बापजन्मात जमलं नसतं, म्हणून मी घरीच बनवली. मोडक्या कपाटाच्या सागवानी फळीचं अंग, त्याच्या जुन्या गिटारची मान, निकामी स्पीकरचं लोहचुंबक आणि त्यावर मी स्वतः गुंडाळलेली केसासारखी बारीक तार. ती लावायची लग्नांत भाड्यानं जाणाऱ्या माझ्या अँप्लिफायरला. पहिल्यांदा वाजवली तेव्हा समोरच्या न्हाव्यानं वस्तरा हातात घेऊन दुकानाबाहेर धाव घेतली. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्या मागं!

त्या गिटारला दोन बटणं. एक आवाज लहानमोठा करायचं, दुसरं टोनचं. टोनच्या बटणाला आतून कंडेन्सर जोडतात. त्याचं काम साधं असतं. बटण खाली फिरवलं की तो आवाजातला तिखटपणा काढून घेतो. कंडेन्सर लहान असेल तर थोडा काढतो, मोठा असेल तर पुष्कळ काढतो. यात ना कसली गुंतागुंत, ना मतभेदाला जागा. असं मला तेव्हा वाटायचं!

आता योहानला मुंबईहून बोलावणं आलं होतं. तिथल्या कुठल्याशा हॉटेलात बँडमध्ये वाजवायचं. आईनं ते ऐकलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"हाटेलात? लोक दारू पित्यात तिथं माझं पोरगं वाजवनार?"

"मग इथं कुठं वाजवू?" योहान म्हणाला. "चर्चमधी वाजवू देत्यात का? नाताळाच्या उपासनेला गिटार घेतली तर ऱ्हातो मी. न्हाई तर गाडी धरतो!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. वडील गेल्यापासून घरात काहीही अडलं की ती माझ्याकडेच पाहते. "यशया, तू कर कायतरी. हा गेला तर मी तुला बोल लावीन, त्याला न्हाई!"

आता यात माझा काय दोष? पण आईपुढं कोण बोलणार? मी गिटार उचलली आणि पंचकमिटीपुढं गेलो.

आमच्या चर्चच्या पंचकमिटीचे प्रमुख आप्पासाहेब त्रिभुवन. उसाचं रान, पांढऱ्या मिशा आणि प्रत्येक गोष्टीवर मत. खिडक्यांना कुठला रंग द्यायचा यावर या कमिटीनं सबंध पावसाळा घालवला होता आणि तोवर लाकूडच कुजून गेलं होतं! योहाननं त्यांच्यापुढं गिटार वाजवली. आप्पासाहेबांनी गालावर हात ठेवला.

"आवाज दातात जातोय रं."

"साहजिक आहे," मी म्हणालो. "टोनला अजून कंडेन्सर लावलेला नाही. उद्या लावतो की झालं."

तिथंच जीभ चावली असती तर बरं झालं असतं!

"कंडेन्सर म्हंजे?" आप्पासाहेबांनी विचारलं. मी सांगितलं. तीन प्रकारचे माझ्याकडे आहेत, हेही सांगितलं. पिवळा सगळ्यांत लहान, तपकिरी मधला, हिरवा मोठा.

"आन त्यातला कंचा लावायचा ह्ये कोन ठरवनार?"

"मी!"

"तू कोन? गिटार चर्चात वाजनार, मंडळी ऐकनार. चर्चातल्या वस्तूचा निर्नय पंचकमिटी करती. आजवर तसंच हाय."

"आप्पासाहेब, अहो तो घंटेचा दोर नाही! त्यातलं तुम्हाला काय कळतं?"

हे मी बोलायला नको होतं. आप्पासाहेबांच्या मिशा थरथरल्या आणि तिथल्या तिथं ठराव झाला, की तिन्ही कंडेन्सर मंडळींना ऐकवायचे आणि मग कमिटीनं निवडायचा. वर आणखी अट! योहान मतलबी, म्हणून त्यानं वाजवायचं नाही, बाहेर लिंबाखाली बसायचं. मीही मतलबी, कारण मी त्याचा भाऊ, शिवाय डोळ्यांनी खुणा करीन. म्हणून मी पाळकसाहेब झगा बदलतात त्या खोलीत दार लावून बसायचं, कंडेन्सर बदलायचा आणि गिटार दारातून बाहेर द्यायची. मग वाजवणार कोण? तर शमुवेल मास्तर!

शमुवेल मास्तर म्हणजे आमचे पेटीवाले. माझ्या जन्माच्या आधीपासून चर्चची पेटी तेच वाजवत आलेले. माणूस साखरेसारखा गोड, पण गिटार त्यांनी फक्त चित्रात पाहिलेली. "नुसत्या तारा तर छेडायच्यात," आप्पासाहेब म्हणाले, "आन सूर पेटीवाल्यापरीस कुनाला कळनार?" मी दातओठ खात घरी आलो.

ठरल्या दिवशी निम्मी मंडळी हजर! पुढच्या बाकावर राहीबाई. या बाईंचा चर्चच्या कारभारात हुद्दा काहीच नाही, पण पाळकसाहेबसुद्धा उपदेश लांबला की आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतात. मी गिटारमधून दोन तारा बाहेर काढून त्यांना चिमटे लावले होते, म्हणजे कंडेन्सर झटपट बदलता येईल. तो बाहेर लोंबायचा आणि सगळ्यांना दिसायचा. टोनचं बटण मी अर्ध्यावर आणलं, पिवळा लावला आणि दारातून गिटार मास्तरांच्या हाती दिली. दार बंद झालं.

बाहेर तारा झंकारल्या. "व्वा!" राहीबाईंचा आवाज. गिटार परत आली. बटण अर्ध्यावर आणून तपकिरी लावला. दार बंद, झंकार, पुष्कळ कुजबुज. मग हिरवा. आणि हिरवा वाजला तसा बाहेर जो गोंधळ उठला, तो ऐकून मला वाटलं, छताची कौलं पडली!

मी दार उघडलं. आप्पासाहेब उभे राहून बोटं नाचवत होते.

"तपकिरीच! त्याच्यात कसं वजन हाय! जुन्या गुळावानी!"

"गुळाला काय करायचंय?" राहीबाई कडाडल्या. "पिवळा लई ग्वाड. कानात मध घातल्यावानी. तुमचा तपकिरी म्हंजे सर्दी झालेल्या मानसाचं गानं!"

आणि मागून तिसरा आवाज आला. "हिरवाच चांगला आहे. मऊ आहे." मी वळून पाहिलं तर आमची लिडिया! माझी सख्खी बायको! मी घरात कंडेन्सरबद्दल बोलायला लागलो की जिला झोप येते, ती इथं हिरव्याची बाजू घेऊन उभी! आणि तिच्या शेजारी आमची आई ठसक्यात म्हणाली, "सूनबाई, पिवळाच बरा वाटला मला!"

माझ्या अंदाजानं हिरवा म्हणजे निव्वळ गोधडीत तोंड घालून गाणं. तो कुणाला आवडेल अशी मला कल्पनाच नव्हती. पण आवडला की! मंडळीचे सरळ तीन तुकडे पडले. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला, आणि तोवर गावात जे सुरू झालं ते मी कुठल्या तोंडानं सांगू? पिवळेवाले तपकिरीवाल्यांच्या पिठाच्या गिरणीत जाईनात. हिरवेवाल्यांनी नाताळाच्या गाण्यांच्या तालमीला वेगळं बसायचं ठरवलं. माझ्या दुकानात एक गृहस्थ बंद पडलेला रेडिओ घेऊन आले आणि म्हणाले, "यशया, ह्याच्यात तपकिरी टाक बरं का. हिरवा टाकलास तर पैसा मिळायचा न्हाई!" त्या रेडिओचा फक्त दिवा गेला होता!

आणि घरी? घरी आई आणि लिडिया एकमेकींशी बोलेनात. "तिला सांग, भाकऱ्या टाक म्हनावं," असं आई मला सांगायची. लिडिया तिथंच, हाताच्या अंतरावर बसलेली! मी एकदा ताट आपटून ओरडलो, "अगं, घर आहे का ग्रामपंचायतीची निवडणूक?" तर दोघी मिळून माझ्यावर उलटल्या. तेवढीच त्यांची एकी. योहान मात्र शांत. त्यानं ट्रंक पलंगाखालून काढून धुतली आणि उन्हात वाळत ठेवली. ती ट्रंक बघून आईच्या तोंडचं पाणी पळालं, आणि रात्री तिनं माझ्याकडे जे पाहिलं त्यानं माझं जेवण गेलं.

दुसरी बैठक भरली. तीच तऱ्हा, तीच खोली, तेच बंद दार. मी बटण अर्ध्यावर केलं, पिवळा लावला, गिटार दिली. पण बाहेर अँप्लिफायर भुंग्यासारखा घुंघुं करायला लागला. एखादी तार सैल झाली असणार. आता मेकॅनिकनं काय, खोलीत बसून भुंगा ऐकायचा? ठराव गेला खड्ड्यात म्हणत मी बाहेर आलो.

आणि मी पाहिलं. शमुवेल मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले, आणि तारांना हात लावायच्या आधी दोन्ही बटणं फिरवून पार टोकापर्यंत उघडली!

"मास्तर! हे काय करताय?"

मास्तर दचकले. "काय केलं?"

"बटण! टोनचं बटण का उघडलंत?"

"अरे, वाजवायच्या आधी उघडायला नको?" मास्तर भोळेपणानं म्हणाले. "पेटीच्या खुंट्या नाही का आपण आधी ओढून घेत? सगळं उघडायचं, मग वाजवायचं. हात आपोआप जातो बाबा. का, नव्हतं उघडायचं?"

"गेल्या खेपेलाही उघडलं होतंत?"

"प्रत्येक खेपेला! बंद पेटी कुणी वाजवतं का?"

मी मटकन खालीच बसलो. अहो, टोनचं बटण पुरतं उघडं असलं की कंडेन्सर असून नसल्यासारखा! तो आवाजातलं काही काढूनच घेत नाही. मग तिथं पिवळा लावा, हिरवा लावा, नाहीतर चिंचोका लावा, आवाज तोच! म्हणजे मंडळीनं तीन वेळा एकच आवाज ऐकला होता. आणि त्या एकाच आवाजावरून गिरणी बंद, तालीम बंद, आणि माझ्या घरात माझी भाकरी माझ्याच तोंडून मागवली जात होती!

मग मात्र माझं डोकं सणकलं. इतक्या दिवसांचा राग एकदम उसळून आला. मी उठलो आणि पाळकांच्या चौथऱ्याच्या पायरीवर उभा राहून सुनावलं.

"ऐका सगळे! तुम्ही जे ऐकलंत त्यात काडीचाही फरक नव्हता! तिन्ही आवाज एकच होते, एक! कुठला गूळ, आणि कुठला मध? तुम्ही कानानं ऐकलंच नाहीत, तुम्ही डोळ्यांनी रंग बघितलात आणि भांडत बसलात! आप्पासाहेब, तुमच्या जुन्या गुळात आणि राहीबाईंच्या मधात फरक असलाच तर तो तुमच्या डोक्यात आहे!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता एकेकाची मान खाली जाईल. लाजतील, हसतील, एकमेकांना क्षमा करतील. पाळकसाहेबांना एका उपदेशाचा विषय मिळेल.

"म्हंजे," आप्पासाहेब सावकाश म्हणाले, "आमचे कान खोटे?"

"कान खरे, डोळे खोटे," मी म्हणणार होतो, पण तेवढ्यात राहीबाई उठल्या आणि चालत थेट आप्पासाहेबांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. कंडेन्सर आल्यापासून पहिल्यांदाच!

"आप्पासाहेब, ह्यो यशया आपल्याला बहिरं म्हंतोय! तुमच्या तपकिरीत आन माझ्या पिवळ्यात जमीन-अस्मानाचा फरक हाय, हाय का न्हाई?"

"व्हय तर! तुमचा तुम्हाला ग्वाड, माझा मला ग्वाड. पन फरक हायच!"

"हायच!" सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली. पिवळे, तपकिरी, हिरवे, सगळे एक झाले. माझ्याविरुद्ध! गिरणीवाले आणि गिरणी सोडलेले खांद्याला खांदा लावून माझ्याकडे बघत होते. लिडियासुद्धा! आई तर तिचा हात धरून उभी होती. मी विज्ञान सांगितलं, बटण फिरवून दाखवलं, पण कुणी ऐकेल तर शपथ! मास्तर तेवढे म्हणाले, "यशया म्हणतो ते खरं असेलही, पण मलाही फरक वाटला बुवा." वाजवणाऱ्याला!

ठराव झाला. यशया अमोलिकनं येत्या रविवारी भर उपासनेत मंडळीची माफी मागायची. नाहीतर गिटार चर्चच्या पायरीवरसुद्धा येणार नाही.

"मरेपर्यंत मागणार नाही!" मी म्हणालो आणि तडक घरी आलो. घरी योहान ट्रंकेत शर्ट भरत होता. आई उंबऱ्यात बसली. रडली असती तर मी चिडलो असतो. ती रडली नाही. तिनं नुसतं म्हटलं, "तुझं खरं आसंल बाबा. पन तुझं खरं घेऊन मी काय करू? माझं पोरगं चाललं." मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. राग भिंतीवरही काढता येईना, भिंत नुकतीच सारवली होती.

शनिवारी मी पाळकसाहेबांकडे गेलो. "माफी मागतो. फरक आहे असंही म्हणतो. लिहून देतो हवं तर!"

पाळकसाहेब मला खुर्ची देऊन म्हणाले, "यशया, उपासनेत खोटं बोलता येणार नाही. तुला फरक ऐकू आला तर आला म्हण, नाही आला तर नाही म्हण. आम्ही तुला मंडळीसमोर पुन्हा ऐकवतो."

म्हणजे फासात मान घालायची आणि वर दोरही आपणच विणायचा! फरक नाहीच, हे मला ठाऊक. नाही म्हटलं की योहान गाडीत. खोटं बोललो की देवाच्या घरात खोटं. रात्रभर मी त्या तीन कंडेन्सरना जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या आजवर कुठल्या गिऱ्हाइकालाही दिल्या नसतील.

रविवारी चर्च गच्च भरलं. योहानची ट्रंक दाराजवळच्या भिंतीला लावून ठेवलेली, म्हणजे निकाल लागताच उचलता यावी. आप्पासाहेबांनी आपला मफलर माझ्या डोळ्यांवर बांधला, जरा जास्तच आवळून. मास्तर गिटार घेऊन बसले, आणि चिमट्यांतला कंडेन्सर बदलायचं काम आप्पासाहेबांनी स्वतःकडे घेतलं.

"मास्तर," मी डोळे बांधलेल्या अवस्थेत ओरडलो, "बटण पुरतं उघडलंत ना?"

"पुरतं, बाळा. टोकापर्यंत."

"ऐका हां सगळे! पुरतं उघडलंय!"

"गप ऐक," आप्पासाहेब म्हणाले. "पयला, पिवळा!"

तारा झंकारल्या. मी तोंडात 'नाही' तयार ठेवून ऐकत होतो. अगदी माझ्या गिटारचा नेहमीचा आवाज.

"आता हिरवा!"

तारा झंकारल्या. मी भुवया आवळल्या. हा... जरा बसका नव्हता का? छे! शक्यच नाही. "पुन्हा वाजवा," मी म्हणालो. पुन्हा वाजवलं. बसकाच! घसा बसल्यासारखा!

"आता तपकिरी!"

आणि काय सांगू तुम्हाला! भरदार, मोकळा, खाली वजन आणि वर गोडवा. आतून कुणी तरी वात मोठी केल्यासारखा. मी मफलर ओढून काढला आणि बटणाकडे पाहिलं. बटण टोकापर्यंत उघडं. विज्ञान जागच्या जागी होतं आणि फरकही जागच्या जागी होता! सगळी मंडळी माझ्या तोंडाकडे बघत होती. आईचे हात पदरात घट्ट आवळलेले.

"आहे," मी म्हणालो. "फरक आहे. मला माफ करा. आणि तपकिरीच पाहिजे!"

माझ्या मतानं तपकिरीचं पारडं जड झालं. नाताळाला योहाननं गिटार वाजवली, राहीबाईंनी डोळे पुसले, ट्रंक परत पलंगाखाली गेली आणि आई पोटभर जेवली. योहान अजून इथंच आहे, दर रविवारी वाजवतो, आणि बटण कुठं ठेवतो ते मी बघायला जात नाही.

फक्त एकच गोष्ट माझ्या डोक्यात जाते. आपल्यात अजून असे लोक आहेत, ज्यांना हिरवा चांगला वाटतो! कान आहेत का काय आहे त्यांना? मी हे चौकात कुणाशीही भांडून सिद्ध करून देईन. फक्त घरात बोलत नाही. भाकऱ्या लिडिया करते.